आईच्या हातची गोळी

मित्रोवदान या सणाच्या सकाळी सगळं वेळच्या वेळी झालं. कोलाच, म्हणजे पूजेचा गोल पाव, छान फुगला, त्यावरची कणकेची नक्षी कुठे तडकली नाही, अक्रोड घातलेला गोड गहू ताटात चेपून झाला, कोबीच्या पानांतली सारमा पहाटेपासून मंद आचेवर होती. यजमान तेवढा अजून उठला नव्हता.

आमच्याकडे कुळसंताच्या दिवसाला, स्लावाला, कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवणारा माणूस अरिल्येच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचाय. यजमानाने दिवसभर बसायचं नसतं. उभं राहायचं, प्याले भरायचे, हसायचं. पेत्रोनियेविचांच्या घरात ही उभं राहण्याची चाकरी तीस वर्षं विटोमिरने केली. गेल्या फेब्रुवारीत त्याचा खुबा बदलला, आणि यंदाचा कोलाच माझा ओग्न्येन फिरवेल, असं त्याने जाहीर करून टाकलं. तेही कुठे, तर रास्पबेरी घालायला शीतगृहापाशी लागलेल्या रांगेत, चाळीस माणसांसमोर. ओग्न्येनला विचारलं नव्हतं. विचारून करायची या घराला सवयच नाही.

"नऊ वाजले," राडोय्का म्हणाली. विटोमिरची ही थोरली बहीण. तिचं सासर दोन टेकड्यांपलीकडे, पण मत कायम याच घरात मुक्कामाला. "दहाला पाद्री येणार. तेहतीस वर्षांचा घोडा वर लोळतोय आणि आपण कांदे चिरतोय."

"वन्सं, हळू. ऐकू जातं वर," विटोमिरची बायको स्पोमेन्का म्हणाली.

"जाऊ दे की. कानांना तरी व्यायाम. मी सांगते तुला, वेळेत लग्न झालं असतं तर हे काही झालं नसतं. बायकोने दोन दिवसांत उठवला असता."

"मागच्या आठवड्यात तुम्ही गारपिटीमुळे झालं म्हणत होतात. त्याच्या आधी दृष्ट."

"मग? एकाच माणसाला दोन गोष्टी होत नाहीत का?"

नेवेना कॉफीचा कप घेऊन जिन्याकडे निघाली. ती ओग्न्येनहून चार वर्षांनी मोठी, नोवी सादला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. काल संध्याकाळी आली तेव्हापासून तिला काहीतरी खटकत होतं. वसंतात याच भावाला ती उझित्सेच्या डॉक्टर वासोविचबाईंकडे घेऊन गेली होती. डिप्रेशन, बाईंनी सरळ सांगितलं होतं. गोळी सुरू केली आणि दर मंगळवारी बोलायला बोलावलं. सहा आठवडे ढिम्म फरक नव्हता. मग एके दिवशी तो आपणहून दाढी करून खाली आला, आणि जुलैत पहाटे पाचला शेतात उभा राहून मजुरांशी हुज्जत घालत होता. काल मात्र त्याने तिला ओळख दिली ती भिंतीकडे तोंड करूनच.

"ऊठ म्हणायला आलीस?" ओग्न्येनने विचारलं.

"कॉफी द्यायला आले."

"तिथे ठेव. डोकं फिरतंय. मान वळवली की आत वीज चमकल्यासारखं होतं. आता कमी झालंय, पण पहिल्या आठवड्यात फारच होतं."

"पहिला आठवडा म्हणजे? कधीपासून होतंय हे?"

"झाले दोनेक आठवडे."

"आणि गोळ्या?"

"एकही चुकवली नाही." आता तो वळला. डोळे सुजलेले होते, पण रडून नव्हे. "तेच तर सांगतोय, ताई. तू म्हणालीस धीर धर, मी धरला. बाईंनी सांगितलेलं सगळं केलं. उन्हाळ्यात वाटलं सुटलो. आणि गोळी रोज घेऊनसुद्धा मी परत इथेच. म्हणजे औषध माझ्यावर चालत नाही. यापुढे करण्यासारखं काही उरलंच नाही, हे कळलं की माणूस शांत होतो. तूही हो."

नेवेनाला तो शांतपणा अजिबात आवडला नाही. तिने सरळ विचारलं, "मरायचं मनात येतं का?"

"येतं. काही ठरवलेलं नाही. पण येतं."

"बरं झालं सांगितलंस. मी इथेच आहे, आज जात नाही." तिने त्याच्या पायावर हात ठेवला. मग उशाशी असलेली सात खणांची डबी उघडली, आणि एक गोळी उचलून उजेडात धरली.

ओग्न्येनची गोळी लांबट असायला हवी होती. डबीतली गोल होती, मध्ये रेघ असलेली. दिवसातून वीस वेळा नेवेना ही गोळी दुकानात काउंटरवरून सरकवत असे, बहुतेक वेळा पर्स घट्ट धरलेल्या बायकांकडे.

"ही कधीपासून घेतोयस?"

"ती? कंपनी बदलली म्हणे. गोळी तीच आहे. आई म्हणाली."

नेवेना डबी घेऊन खाली आली आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रशियन सॅलडच्या भांड्याशेजारी ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर स्पोमेन्काला सोपं गेलं असतं.

"आई, यात काय आहे?"

स्पोमेन्काने हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. "काही वाईट नाहीये. ब्रोमाझेपाम. मी स्वतः घेते तेच."

"किती दिवस?"

"अठरा."

"आणि त्याचं औषध?"

"ठेवलंय. टाकलं नाही. मी काय मूर्ख आहे?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचं आमच्या लोकांना काही वाटतच नाही. आमच्या बायका कॉफीला बसल्या की साखरेसारखी ही शांतवणारी गोळी फिरते. अर्धी तू घे, अर्धी मी घेते, आज माझ्या नसा फार ताणल्यात. मुलाची परीक्षा असो, सुनेशी वाजलेलं असो की पूर आलेला असो, गोळी एकच. तिची कुणाला लाज नाही. पण डॉक्टरने लिहून दिलेलं, रोज घ्यायचं डिप्रेशनचं औषध म्हटलं की त्याच बायका छातीवर क्रूस काढतात. ते वेड्यांचं. हे शहाणपण कुठून आलं देव जाणे, पण वर्षानुवर्षं ते टिकून आहे.

"मला कळू दे तरी," नेवेना म्हणाली. "फक्त कळू दे. का?"

"बरा झाला होता तो. बरं झाल्यावर कुणी औषध घेतं का? ताप उतरल्यावर घेतेस?"

"हा ताप नाही, आई. बरं वाटायला लागलं तरी कितीतरी महिने घ्यायचं असतं, आणि सोडायचं झालं तर डॉक्टरला विचारून, थोडं थोडं कमी करत. तू एका दिवसात तोडलंस. त्याच्या डोक्यात वीज चमकते ती त्यानेच. तुझ्या गोळीने घटकाभर धडधड थांबते, झोप लागते. आजार आहे तिथेच राहतो. आणि आता या गोळीचीही सवय लागलेली असणार, तीसुद्धा एकदम बंद करता येणार नाही."

"कागदावर लिहिलंय त्या औषधाच्या," राडोय्का मध्ये पडली. "मी चष्मा लावून वाचलंय. जीव घाबरतो, झोप उडते, आणखी नको नको ते. आपल्या पोटच्या पोराला कोण देईल?"

"आत्या, तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचा कागद वाचलाय कधी?"

"तो कशाला वाचू? ती तर मला घ्यावीच लागते."

नेवेनाने डोळे मिटले. स्पोमेन्काने मात्र खरं ते आता सांगितलं, आणि सांगताना ती लेकीकडे बघत नव्हती. "आपल्या इथली औषधवाली शेजारच्या देसांकाची भाची आहे. दर महिन्याला ती चिठ्ठी वाचायची आणि वर बघायची. गावाने मिलिसावचं काय केलं, ते मी पाहिलंय. तुझा सख्खा काका. इस्पितळातून आला तो गोळ्या घेऊनच, आणि गोळ्यांनीच गेला. ओग्न्येनच्या तोंडात ते औषध टाकताना रोज मला तोच दिसायचा. माझी गोळी तरी सगळे घेतात. तिने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही."

नेवेनाला या बाईला गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. तिने दोन्ही केलं नाही. मागच्या अंगणात जाऊन फोन लावला. शनिवार असूनही डॉक्टर वासोविचबाईंनी उचलला.

पाच मिनिटांनी ती परत आली. "औषध आजच पुन्हा सुरू, पण अर्ध्या मात्रेने. तुझी गोळी त्या सांगतील तशी कमी करायची. सोमवारी दोघं आम्ही उझित्सेला जाणार. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आता माझ्याकडे. अजून एक. त्याला आजच खरं सांगायचं."

"आज नको," स्पोमेन्का म्हणाली. "उद्या सांगते. स्लावा होऊ दे."

"स्लावा होऊ दे," राडोय्काही म्हणाली. या दोघींचं एकमत घडवायला गेली चाळीस वर्षं कुणाला जमलं नव्हतं.

"तो वर पडून काय समजतोय ठाऊक आहे? औषध घेऊनही आपण बुडालो, आता उपाय नाही. आई, मरायचं मनात येतं, म्हणाला तो मला."

स्पोमेन्का जिन्याकडे वळली. दारात विटोमिर उभा होता. काठीवर भार देऊन तो किती वेळ उभा होता, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबा," नेवेना म्हणाली, "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं," विटोमिर म्हणाला. "पाद्री फाटकात आलाय. आवरा."

कोलाच विटोमिरनेच फिरवला. पाद्रीने कोलाचला खालून क्रूसाच्या आकाराचा छेद दिला, त्यावर वाइन ओतली, बापलेकीने आणि दोघी बायकांनी हात लावून तो पाव तीनदा गोल फिरवला आणि मोडला. पाद्रीने एकदा जिन्याकडे पाहिलं, पण त्याला आणखी अकरा घरं घ्यायची होती. मेणबत्ती पेटली आणि पाहुणे यायला लागले.

बैठकीच्या खोलीत विटोमिर फळांच्या दारूची, राकियाची, बाटली घेऊन उभा राहिला. खुब्यातून कळ येत होती, पण ती कळ त्याला बरी वाटत होती; निदान तिचं कारण ठाऊक होतं. त्या पोराची कारणं शोधता शोधता तो वर्षभर वैतागला होता. गारपीट झाली, खरं. साखरपुडा मोडला, खरं. पण याहून वाईट झालेली माणसं सकाळी उठून खुरपी घेतात. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं, की थोडं रक्तातून येतं, थोडं आयुष्यातून, थोडं मेंदूचं आपलं असतं; तुमच्या खुब्याला कुणी कारण विचारलं होतं का, असंही विचारलं होतं. तेव्हा त्याला त्या बाईचा रागच आला होता.

"अरे, यजमान कुठाय?" ग्वोझ्देनने गव्हाचा चमचा तोंडात टाकत विचारलं. ग्वोझ्देन म्हणजे वनखात्यातला गार्ड, विटोमिरचा शाळासोबती. "आम्ही तर ओग्न्येनच्या हातची राकिया प्यायला आलो."

"किडनी स्टोन," राडोय्काने फटकन उत्तर दिलं.

"अरे देवा. केवढा?"

"आठ मिलिमीटर."

"पार्स्लीचा चहा द्या," शेजारची देसांका म्हणाली. "माझ्या भावाचा रात्रीतून पडला."

"दिला."

"बिअर द्या."

"तीही दिली."

"चाचाकला एक डॉक्टर आहे, लेसरने फोडतो. आत्ता फोन लावते, माझा चुलतभाऊ त्याचा—"

"कालच पाहिलं डॉक्टरने," राडोय्का म्हणाली. तिला आता रंग चढला होता. "दोन आहेत म्हणाला. एक डावीकडे."

"मग तर वर जाऊन बघितलंच पाहिजे," देसांका उठलीच. "बिचारा कळवळत असेल. मी गरम वीट करून आणते."

"बस खाली, देसांका," विटोमिर म्हणाला.

आणि मग तो स्वतःच बसला. भरल्या घरात, स्लावाच्या दिवशी, यजमान खुर्ची ओढून खाली बसला.

"त्याला स्टोन नाही. एकही नाही. डिप्रेशन आहे. वसंतापासून औषध चालू होतं आणि त्याने तो बरा झाला होता. जुलैत तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. मग आम्ही ते औषध बंद केलं. त्याला न सांगता. इतकंच झालंय."

"विटो," राडोय्का म्हणाली. "पुरे."

"नाही, राडोय्का. तू आत्ता दुसरा खडा घातलास त्याच्या पोटात, आता तरी मला बोलू दे." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "मिलिसाव गोळ्यांनी गेला असं या घरात म्हणतात. तो गोळ्या घेतच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी, याच दिवसाआधी, मी त्याला म्हणालो होतो की यजमान आहेस, असा गुंगीत उभा राहणार का पाहुण्यांसमोर? पुरुषासारखा वाग, फेक ते. त्याने माझ्यादेखत चुलीत टाकल्या. स्लावाला दिवसभर उभा राहिला. सगळे म्हणाले, बरा झाला. हिवाळा संपायच्या आत गेला. गावात आपण अपघात म्हटलं. तो अपघात नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

गोळी काढायला देसांकाने पर्स उघडली होती. तिने ती नुसतीच मिटली.

ग्वोझ्देनने घसा साफ केला. "आमची मिल्याना झाली ना," तो म्हणाला, "तेव्हा बायकोला झालं होतं हे. वर्षभर. बाळाकडे बघायची नाही. आम्ही गावाला थायरॉइड सांगितलं होतं."

"थायरॉइड नव्हता?" देसांकाने विचारलं. "मी तिला अक्रोड आणि मध आणून द्यायचे."

"खायचो मीच," ग्वोझ्देन म्हणाला. "ती गोळ्यांनी बरी झाली."

स्वयंपाकघराच्या दारात सारमाचं भांडं धरून स्पोमेन्का उभी होती. चाळीस वर्षं ती या नवऱ्याबरोबर झोपली आणि उठली, आणि मिलिसावबद्दलचं हे एक वाक्य त्याने तिला कधी दिलं नव्हतं. दिलं असतं तर? तिला विलक्षण संताप आला. मी ज्या गोष्टीला भ्याले ती झालीच नव्हती. ती उलटी झाली होती, आणि तीच मी पुन्हा केली. तिने भांडं खाली ठेवलं, नेवेनाकडून खऱ्या औषधाची एक पट्टी मागून घेतली, पाण्याचा पेला भरला आणि वर गेली.

ओग्न्येन पलंगाच्या कडेवर बसला होता. खालचं ऐकू आलं होतं की नाही, ते त्याच्या तोंडावरून समजत नव्हतं.

"ओग्न्येन, मी तुझ्या गोळ्या बदलल्या," ती म्हणाली. वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. "अठरा दिवस. कंपनी बदलली म्हणाले ते खोटं. मी माझीच गोळी तुला दिली."

तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे औषध बंद होतं?"

"हो."

"पूर्ण बंद?"

"हो रे बाळा."

"म्हणजे घेऊनही परत झालं, असं नाही. न घेतल्यामुळे झालं."

"हो. नेवेना म्हणते, पुन्हा सुरू केलं की चालेल बहुतेक. वेळ लागेल, पण चालेल."

त्याने चेहरा तळहातांत धरला आणि खांदे हलायला लागले. स्पोमेन्काला वाटलं, सुटलो. तिनेही डोळे पुसले, पट्टीतून गोळी काढली, मध्ये मोडली, आणि अर्धी तळहातावर धरून पुढे केली. लहानपणी ती त्याला जर्दाळूची फोड अशीच द्यायची. "घे. अर्ध्यापासून सांगितलंय."

त्याने हात खाली घेतले. अर्ध्या गोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताईला बोलाव," तो म्हणाला.

"अरे, तीच आहे ही. ही बघ पट्टी, नाव वाच—"

"ताईला बोलाव, आई."

नेवेना आली. तिने दुसरी गोळी त्याच्या डोळ्यांसमोर पट्टीतून काढली, मोडून दिली. त्याने पट्टी हातात घेऊन नाव वाचलं, उलटून तारीखही वाचली, मग गोळी तोंडात टाकली. पाणी मात्र त्याने आईने आणलेल्याच पेल्यातून प्यायलं. स्पोमेन्का अजून तळहात पुढे करून उभी होती. मग तिने मूठ मिटली.

"तुझ्यावर राग नाहीये," ओग्न्येन म्हणाला. "म्हणजे असेल. मला आत्ता कळत नाही. पण तुझ्या हातची नको."

"किती दिवस?"

"ते नाही सांगता येत."

तिने मान हलवली. दारापर्यंत गेली, आणि तिथून, पाठ वळवूनच, विचारलं, "सारमा आणू थोडी? मी केलीये."

तो लगेच हो म्हणाला नाही. भांड्यात काय काय घातलं असेल याचा तो विचार करतोय, हे तिला मागे न बघताही कळलं. तेहतीस वर्षांत या मुलाने तिने वाढलेलं खाण्याआधी कधी विचार केला नव्हता. खालून पाहुण्यांचे आवाज येत होते, आणि स्पोमेन्का चौकट धरून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"ताईपण इथेच जेवेल," तो शेवटी म्हणाला. "दोघांची एकाच ताटात आण."